भुंगेऱ्यांचे जीवाश्म आणि प्राचीन हवामान : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत आणि शेतकरी मेळाव्यांत भुंगेऱ्यांविषयी बोलताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, तर काही हुमणीने, म्हणजे पिकांची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, हैराण झालेल्या शेतकऱ्यांचे आहेत. शेतकऱ्यांचे प्रश्न मला अधिक मोलाचे वाटतात, कारण भुंगेरा आणि हवामान यांचे नाते त्यांनी पुस्तकाआधी शेतात पाहिलेले असते.

भुंगेरा म्हणजे नेमका कोणता कीटक?

ज्या कीटकाच्या पंखांची पुढची जोडी कठीण होऊन मागच्या नाजूक पंखांवर झाकणासारखी बसते, तो भुंगेरा. शास्त्रात या गणाला कोलिऑप्टेरा म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘ढालपंखी’ असा नेमका शब्द आहे. केळीच्या कंदात शिरणारा सोंडकिडा, ज्वारीच्या कोठीतले सोंडे, शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा, कपाशीवरचा मावा खाणारा ढालकिडा, नारळाचा गेंडा भुंगा आणि पावसाळ्याच्या तोंडावर सातपुड्यात चमकणारा काजवा हे सगळे ढालपंखीच आहेत. आजवर वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे ४ लाख आहेत, म्हणजे नाव मिळालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भुंगेऱ्यांचा आहे.

मृगाचा किडा हा भुंगेरा आहे का?

नाही. पहिल्या पावसात शेतात दिसणारा तो लाल मखमली जीव कोळ्यांच्या नात्यातला आहे. प्रौढपणी त्याला आठ पाय असतात आणि पंख नसतात. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्याची दृष्टी योग्य आहे, कारण जमिनीतल्या ओलाव्याची वेळ साधून बाहेर पडणारा लहानसा जीव हवामानाची साक्ष देतो, हेच या विषयाचे मूळ आहे.

भुंगेऱ्याचा जीवाश्म दगडासारखा असतो का?

बहुतेकांना जीवाश्म म्हटले की दगडात उमटलेला ठसा आठवतो. तसे ठसे भुंगेऱ्यांचेही मिळतात, पण हवामानाच्या अभ्यासात सर्वाधिक उपयोगी पडणारे अवशेष तसे नसतात. गेल्या काही लाख वर्षांच्या दलदलीतल्या आणि तळ्यांतल्या गाळातून भुंगेऱ्याचे खरेखुरे कवचच मिळते. हे कवच कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे असते आणि जेथे पाणी साचून राहते व हवा पोहोचत नाही, तेथे ते हजारो वर्षे कुजत नाही. आतले मऊ शरीर नाहीसे होते, सांधे सुटतात, आणि हाती येतात ते तीन प्रकारचे तुकडे: डोके, डोक्यामागची ढाल आणि पंखांची झाकणे.

असा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. जेमतेम ४ मिलिमीटर लांबीच्या झाकणावर आठ-दहा बारीक रेघा उभ्या धावतात; प्रत्येक रेघेत सुईने टोचल्यासारखे खड्डे ओळीने असतात; खड्ड्यांच्या मधली जागा एका जातीत गुळगुळीत, तर दुसरीत चामड्यासारखी खरबरीत असते; आणि कडेला कधी कधी एखादा केस उगवण्याचे भोकही शाबूत असते. हिरवी-निळी धातूसारखी चमकही टिकते, कारण ती रंगद्रव्याची नसून कवचाच्या अतिसूक्ष्म थरांतून परतणाऱ्या प्रकाशाची असते. जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांतले भुंगेरे आजही तसेच चमकतात.

एवढासा कीटक हवामान कसे सांगणार?

हुमणीचेच उदाहरण घ्यावे. तिचा भुंगेरा उन्हाळाभर जमिनीत दबून बसतो. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस जमिनीत मुरला की तिन्हीसांजेला तो वर येतो, कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने खातो, मीलन करतो आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत जातो. पाऊस लांबला की तोही लांबतो. म्हणूनच रात्री दिव्याकडे ओढले जाणारे किडे पकडणारा प्रकाश सापळा केव्हा लावावा हे शेतकरी तारखेवरून ठरवत नाही, पावसावरून ठरवतो. एखाद्या वर्षी पाऊस कधी पडला हे कोणी लिहून ठेवले नसले, तरी भुंगेरे कोणत्या संध्याकाळी उडाले हे कळले, तर पावसाची तारीख काढता येईल.

जीवाश्मांचा अभ्यास हीच रीत मोठ्या काळपटावर वापरतो. भुंगेऱ्यांच्या कित्येक जाती तापमानाच्या ठरावीक पट्ट्यातच जगतात. एखादी जात उत्तर ध्रुवाजवळच्या गारठ्यातच सापडते, दुसरी भूमध्य समुद्राभोवतीच्या उबेतच. त्यातली एखादी जात जुन्या गाळात भलत्याच ठिकाणी मिळाली, तर तो गाळ साचला तेव्हा त्या ठिकाणचे हवामान आजच्यापेक्षा वेगळे होते असा अर्थ होतो. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाखाली सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीच्या नदीच्या गाळात पाणघोड्यांची हाडे मिळाली, आणि त्याच गाळात आज दक्षिण युरोपात राहणारे भुंगेरेही मिळाले. पाणघोडा पाहून उबदार हवामानाचा अंदाज कोणीही बांधेल. तो उन्हाळा किती उबदार होता हे मात्र भुंगेऱ्यांवरून अधिक नेमके सांगता येते.

हजारो-लाखो वर्षांत भुंगेरेच बदलले असतील, तर आजच्या जातींवरून कालचे हवामान कसे काढायचे?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे, कारण सगळी इमारत याच्याच उत्तरावर उभी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ सॅम्युएल स्कडर यांनी कॅनडात टोरंटोजवळच्या हिमयुगीन गाळातले भुंगेरे तपासले आणि त्यांतले बहुतेक नामशेष झालेल्या जातींचे आहेत असे ठरवले. त्या काळच्या समजुतीला ते धरूनच होते: गाळ जुना आहे, म्हणजे प्राणीही जुना आणि संपलेला असणार. पुढे त्याच प्रकारचे तुकडे जिवंत भुंगेऱ्यांच्या संग्रहांशी बारकाईने ताडून पाहिले गेले, तेव्हा चित्र पालटले. ते भुंगेरे नामशेष झालेले नव्हते. ते दुसरीकडे राहायला गेले होते.

हे ठामपणे दाखवून देण्याचे मोठे श्रेय बर्मिंगहॅम विद्यापीठातील रसेल कूप यांना जाते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यातल्या अप्टन वॉरन येथील खडीच्या खाणीत मॅमथ आणि लोकरी गेंडा यांच्या हाडांबरोबर काळसर गाळ निघाला आणि त्यात भुंगेऱ्यांचे तुकडे खच्चून भरलेले होते. कूप यांचे शिक्षण भूविज्ञानाचे होते. त्या खाणीने त्यांना आयुष्यभरासाठी भुंगेऱ्यांकडे वळवले. तेथील आणि ब्रिटनमधल्या इतर ठिकाणांच्या गाळातून त्यांनी आजच्या जाती एकामागून एक ओळखल्या. काहींचा आजचा पत्ता थक्क करणारा निघाला. अफोडियस होल्डेरेरी हा शेणकिडा शेवटच्या हिमयुगात ब्रिटनमध्ये मुबलक होता. आज तो तिबेटच्या उंच पठारावरच सापडतो. टॅकिनस सीलेटस हा दुसरा भुंगेरा आज मंगोलियाकडचा आहे. नरांची जननेंद्रिये कायटिनचीच असतात आणि कधी कधी गाळात टिकतात. त्यांचा आकार प्रत्येक जातीत निराळा असल्यामुळे ही ओळख अंदाजाची राहत नाही.

गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत हिमयुगे आली आणि गेली, तरी भुंगेऱ्यांच्या बहुतांश जाती रूपाने जवळपास तशाच राहिल्या. हवामान बदलले की त्यांनी अंग बदलले नाही, जागा बदलली. कूप यांनी याचे कारण असे मांडले की हवामान सतत हेलकावे घेत असल्याने भुंगेऱ्यांच्या वसाहती एका जागी एकाकी राहिल्याच नाहीत. त्या हलत राहिल्या, एकमेकींत मिसळत राहिल्या, आणि वेगळी जात घडायला जो दीर्घ एकांत लागतो तो त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ उत्क्रांती खोटी आहे असा मुळीच होत नाही. ती कोणत्या परिस्थितीत मंदावते हे यातून कळते.

आणखी एक आक्षेप विद्यार्थी घेतात: रूप तेच राहिले, पण सवयी बदलल्या असतील तर? एका जातीपुरती ही शंका रास्त आहे. परंतु एकाच गाळात चाळीस-पन्नास जाती मिळतात आणि आज ज्या जाती एकत्र राहतात त्या तेव्हाही बहुधा एकत्रच दिसतात. पन्नास जातींनी एकाच वेळी, एकाच दिशेने, एकाच मापाने सवयी बदलल्या असे मानण्यापेक्षा हवामान बदलले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

परागकणांवरून जुने हवामान कळतेच. मग भुंगेरे कशाला?

गाळातल्या परागकणांवरून तेव्हाची झाडे आणि झाडांवरून हवामान ओळखण्याचा अभ्यास अत्यंत मोलाचा आहे आणि भारतात तो अधिक रुजलेलाही आहे. पण झाड चालत नाही. हवा उबदार झाली तरी बी पडणे, रोप वाढणे, त्याला पुन्हा बी धरणे, अशा पिढ्या लोटल्यावरच जंगल पुढे सरकते. भुंगेरा उडतो किंवा चालतो, आणि मांसाहारी किंवा कुजके खाणारा असेल तर विशिष्ट झाडाची वाट पाहायला त्याला थांबावे लागत नाही.

या फरकाचा सर्वांत ठळक पुरावा सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीचा आहे. ब्रिटनमधल्या गाळांत त्या सुमारास थंड प्रदेशातले भुंगेरे अचानक संपतात आणि समशीतोष्ण जाती दिसू लागतात. भुंगेऱ्यांवरून काढलेले सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसवरून १७ अंशांच्या आसपास चढते, म्हणजे जवळपास आजच्या इतके होते. त्याच गाळातले परागकण मात्र झाडे नसलेला उघडा माळ दाखवतात. परागकणांवर विसंबलेल्या अभ्यासकांनी ऊब नंतर आली असे मानले होते, कारण भूर्जाची झाडे नंतर आली. कूप यांचे म्हणणे असे होते की ऊब आधीच आली होती, झाडे उशिरा पोहोचली. अप्टन वॉरनलाही हेच कोडे होते: सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीचा उबदार काळ, उबेतले भुंगेरे, आणि झाडांचा पत्ता नाही.

हा वाद बरीच वर्षे चालला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीनलँडच्या बर्फातून खोल गाभे, म्हणजे बर्फाचे लांब दंडगोल नमुने, काढले गेले आणि त्यांतही सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीची तीच तीव्र, अचानक आलेली ऊब दिसली. हवामान संथपणेच बदलते ही समजूत त्यानंतर टिकली नाही. पण भुंगेऱ्यांनी ती त्याआधीच हादरवली होती, ही गोष्ट मला प्रत्येक वर्गात आवर्जून सांगाविशी वाटते.

तापमानाचा आकडा नेमका कसा काढतात?

१९८७ साली टिमोथी अॅटकिन्सन, कीथ ब्रिफा आणि रसेल कूप यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ब्रिटनच्या गेल्या २२,००० वर्षांच्या तापमानाचा आलेख याच पद्धतीने मांडला. पद्धतीचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक जात आज कोठे कोठे राहते याचा नकाशा घ्यायचा आणि त्या सर्व ठिकाणांचे दोन आकडे पाहायचे: सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान, आणि सर्वांत उष्ण व सर्वांत थंड महिन्यांतला फरक. आलेखावर त्या जातीचा एक पट्टा तयार होतो. गाळात मिळालेल्या सर्व जातींचे पट्टे एकमेकांवर ठेवले की जो तुकडा सर्वांना सामाईक असतो, तेच त्या काळाचे हवामान.

एक कल्पित उदाहरण देतो. पहिल्या जातीला उष्ण महिन्यात १० ते १६ अंश चालतात, दुसरीला १२ ते २०, तिसरीला ८ ते १३. तिन्ही एकाच गाळात सापडल्या, तर तापमान १२ आणि १३ अंशांच्या दरम्यान असले पाहिजे. एकेकट्या जातीची साक्ष ढोबळ असते. तिघींची एकत्र साक्ष नेमकी होते.

यासाठी पाने किंवा लाकूड खाणाऱ्या जाती सहसा वगळतात, कारण त्यांची वाटचाल हवामानापेक्षा त्यांच्या झाडावर अवलंबून असते. उन्हाळ्याचे आकडे अधिक भरवशाचे असतात. हिवाळ्याचे तितके नसतात, कारण थंडीत भुंगेरे मातीत किंवा बर्फाच्या थराखाली दडून बसतात आणि वरच्या हवेचा पूर्ण कडाका त्यांना सोसावा लागत नाही.

गाळातून हे तुकडे वेगळे कसे करतात?

रॉकेलने, म्हणजे आपल्या घासलेटने. पाच-दहा किलो गाळ पाण्यात भिजवून हळूहळू मोकळा करतात आणि ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून धुतात. चाळणीत उरलेल्या चोथ्याला रॉकेल चोळतात, जास्तीचे निथळून टाकतात आणि मग त्यावर थंड पाणी ओततात. कायटिनला रॉकेल चिकटून राहते, त्यामुळे भुंगेऱ्यांचे तुकडे तरंगून वर येतात आणि झाडपाल्याचा बहुतेक चोथा तळाशी बसतो. वरचा थर अलगद काढून साबणाच्या पाण्याने धुतात, अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक तुकडा वेचतात.

गिरणेचा पूर ओसरल्यावर काठाच्या बाभळींना अडकलेला काडीकचरा घेऊन आम्ही विद्यार्थ्यांसमोर हा प्रयोग मैद्याच्या चाळणीने केला होता. तो कचरा त्याच पावसाळ्यातला होता, जीवाश्मांचा नव्हता. पण पाणी ओतल्यावर परातीच्या काठाशी तपकिरी, काळी, एखादी हिरवी चमकदार अशी झाकणे तरंगत आली, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे आली. एका मुलीने तळहातावर झाकण घेऊन विचारले, ‘‘सर, हे पन्नास हजार वर्षांनी असंच दिसेल का?’’ पाण्याखाली, हवेविना, चिखलात राहिले तर असेच दिसेल, असे मी तिला सांगितले. त्या पहिल्या प्रयोगात आमची एक चूकही झाली: गाळ आधी उन्हात वाळवला होता. वाळलेले कवच ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. नमुना ओला ठेवूनच आणावा लागतो.

गाळाचे वय कसे कळते?

सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात, आणि त्यासाठी त्याच थरातले बी, काटकी किंवा कधी खुद्द कवचाचाही तुकडा वापरता येतो. त्याहून जुन्या गाळासाठी वाळूच्या कणांत साठलेल्या ऊर्जेवरून किंवा ज्वालामुखीच्या राखेवरून वय ठरवतात.

खानदेशात भुंगेऱ्यांचे जीवाश्म मिळू शकतील का?

याचे उत्तर जागेगणिक वेगळे आहे. खानदेशाचा पाया काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो बनला. तापलेल्या लाव्हात कीटक टिकत नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळ्यांत जो गाळ साचला, त्याच्या पातळ थरांतच जीवांचे अवशेष शोधता येतात.

या पाषाणावर तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा या नद्यांनी गाळ आणून टाकला आहे. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात तो इतका खोल आहे की विहिरी आणि कूपनलिका खणताना कितीतरी हात पिवळी माती आणि रेतीच लागते. केळी उभी आहे ती याच गाळावर. हा गाळ पाहिला की विद्यार्थ्यांना वाटते, येथे भुंगेऱ्यांचा खजिना असणार. दुर्दैवाने कोरडी होणारी, भेगाळणारी, चुन्याचे खडे धरणारी माती हाडे आणि शिंपले सांभाळते, पण कायटिन सांभाळत नाही. प्रत्येक उन्हाळ्यात हवा आत शिरते आणि सूक्ष्मजीव कवच खाऊन टाकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात वर्षभर ओला आणि हवाबंद राहणारा चिखल दुर्मीळच असतो. तो असेल तर कायम पाणी असलेल्या तळ्यांच्या तळाशी, जुन्या नदीपात्रातल्या बुजलेल्या डोहांत, किंवा तोरणमाळसारख्या उंच पठारावरच्या ओल्या खोलगट भागांत असेल. माझ्या मते शोध घ्यायचा तर अशा ठिकाणांपासून सुरुवात करावी. नदीकाठच्या उभ्या दरडी पाहायला कितीही सुंदर असल्या तरी त्या या कामाच्या नाहीत.

याचा अर्थ खानदेशाचे जुने हवामान अंधारात आहे असा नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले; एका तुकड्यावर कोरीव नक्षीही आहे. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे आहे. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळाचा पक्षी आहे. आज पाटणादेवीच्या दाट झाडीत उभे राहून तेथे कधीकाळी शहामृग धावत होते अशी कल्पना करणे कठीण जाते, पण अंड्याचे कवच चुन्याचे असल्याने ते टिकले आणि आपल्याला हे सांगू शकले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक मिळाले आहेत. पाणी खूप आटल्याशिवाय ते बनत नाहीत. त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणाचा काळ होता असे संशोधकांनी मांडले.

आपल्याकडे भुंगेऱ्यांना विचारण्याचा प्रश्नही ब्रिटनपेक्षा वेगळा असायला हवा. तेथे भुंगेऱ्याला थंडी अडवते. येथे त्याला कोरडेपणा अडवतो. त्यामुळे अंशांचा हिशोब करण्यापेक्षा पाणभुंगेऱ्यांवरून साचलेले पाणी, शेणकिड्यांवरून गवताळ रान आणि चरणारी जनावरे, लाकूड पोखरणाऱ्यांवरून जंगल, अशी साक्ष जुळवत जाणे येथे अधिक फलदायी ठरेल.

आपल्या जवळपास कोठे प्राचीन भुंगेरे सापडले आहेत का?

होय, आणि ते ठिकाण फार लांब नाही. ज्या सुरतेला खानदेशातून रोज रेल्वे भरून माणसे जातात, त्या सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत राळेचे जीवाश्म, म्हणजे अंबर मिळाले. २०१० साली भारतीय, जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी त्यातल्या ७०० हून अधिक संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्यांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांत भुंगेरेही आहेत. ५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची ही राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची आहे, म्हणजे तेव्हा तेथे उष्ण, दमट, सदाहरित जंगल होते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. इतक्या जुन्या काळातले भुंगेरे आजच्या जातींचे नसतात, म्हणून त्यांच्यावरून अंशांत तापमान काढता येत नाही. कुळांवरून आणि सोबतच्या झाडांवरून हवामानाचा प्रकार तेवढा ठरवता येतो. शिवाय राळेत अडकतात ते झाडावर वावरणारे कीटक. जमिनीवरचे बहुतेक सुटून जातात.

माणसाच्या वस्तीमुळे अभ्यासकाची फसगत होते का?

होते, आणि ती टाळायला कसब लागते. धान्याची कोठी, उकिरडा, गोठा ही माणसाने नकळत तयार केलेली उबदार घरटी असतात. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी मुरत्या शेणखतात हात घालून पाहावा, आत चटका बसतो. तशा ठिकाणी उष्ण प्रदेशातला भुंगेरा सुखाने राहतो, आणि त्याच्या तुकड्यावरून सगळा प्रदेश उष्ण होता असे कोणी म्हटले तर ते चुकेल. धान्यातल्या एका सोंडकिड्याला उडताच येत नाही; तो ब्रिटनमध्ये रोमन लोकांच्या धान्याबरोबर पोहोचला. तो सापडला की ती बातमी हवामानाची नसते, व्यापाराची असते. प्रकाशे किंवा बहाळ यांसारख्या खानदेशातल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या संदर्भातही अशा कीटकांकडे याच सावधपणे पाहावे लागेल.

आजच्या तापमानवाढीबद्दल भुंगेरे काही सांगतात का?

जुन्या भुंगेऱ्यांचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे, आणि स्थलांतराला वाट लागते. हिमयुगानंतर ज्या भुंगेऱ्यांनी अर्धा युरोप ओलांडला, त्यांच्या वाटेत डांबरी रस्ते, कीटकनाशके फवारलेली शेते आणि वाढती शहरे नव्हती. सातपुड्याच्या यावल अभयारण्यातल्या एखाद्या भुंगेऱ्याला दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांत जायचे झाले, तर मधे केळी आणि कपाशीचा अखंड पट्टा आहे. यामुळे पूर्वी तगून गेलेल्या जाती यापुढेही तगतील असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

विद्यार्थी किंवा शेतकरी या कामात काय करू शकतो?

पुष्कळ करू शकतो. गाळातला तुकडा ओळखायचा तर आजचा भुंगेरा ओळखीचा हवा, आणि तो कोठे, केव्हा, कशावर राहतो याची नोंद हवी. ब्रिटनमध्ये भुंगेऱ्यांच्या सुमारे ४,००० जाती आहेत, आणि हौशी संग्राहकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. कूप यांचे काम त्या नोंदींच्या खांद्यावर उभे होते. आपल्याकडे ओळख पटवण्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र आहे. पण केंद्रात जाण्याआधी नमुना नीट ठेवलेला असावा लागतो.

प्रकाश सापळ्यात मेलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यासकट फेकून देण्याआधी त्यांतले निरनिराळ्या आकारांचे दहा-बारा बाजूला काढावेत, साबणाने धुऊन सावलीत सुकवावेत आणि काडेपेटीत कापसावर ठेवावेत. शाई पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी आणि ती काडेपेटीच्या आत ठेवावी. पेटीवर चिकटवलेली चिठ्ठी निघून पडते आणि चिठ्ठीविना भुंगेरा अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होतो. रावेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला आणून दिलेल्या काडेपेटीतली चिठ्ठी मी आजही विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवतो. त्यावर गाव, शिवार आणि तारीख लिहून पुढे इतकेच होते: ‘‘रात्री आठ वाजता. बांधावरच्या निंबावर. आदल्या दिवशी दुपारी पहिला पाऊस, माती वीतभर ओली.’’